डोळ्याच्या आतली हळद

५ मार्च

शिजवणी सुरू झाली. तांड्यावरचा प्रेमदास सकाळीच हळद शिजवायचा कुकर ट्रॅक्टरमागे जोडून आला. कुकर म्हणजे काय, वाफेची एक टाकी आणि तिला जोडलेली चार पिंपं. पण त्याचा थाट असा, की आगगाडीच घेऊन आलाय.

पहिलं पिंप उघडलं की माझ्या बायकोला, मंजुळेला, हाक मारायची, हा आमच्या घरचा शिरस्ता. ती एक हळकुंड उचलते आणि तुरीच्या काडीने टोचते. काडी आरपार गेली तर "काढा" म्हणते, अडली तर "आजून". तिचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही. आपल्या हळदीला बाजारात मान आहे तो माझ्या मेहनतीमुळे, असं मी पारावर सांगतो. ती ऐकून घेते.

आज दोन हळकुंडं टोचून ती खाली बसली. दुपारी भाकरीही अर्धीच खाल्ली. "अंगाला लई खाज सुटून राहिली," म्हणाली. हळद उडते, खाज सुटणारच. मी म्हणालो, "लग्नातली हळद आजून उतरली न्हाई म्हण की." एरवी पदर झटकून दोन शब्द सुनावले असते. आज नुसतीच आत गेली.

११ मार्च

सगळं घर पिवळं झालंय. उंबरा, तांब्या, माझं धोतर, म्हशीची शेपटीसुद्धा. मंजुळेच्या तोंडाला चव नाही, सारखी चिडते. मीही चिडलो. ऐन हंगामात आजारी पडायची ही काय रीत झाली?

१६ मार्च

आज प्रेमदासने मला कुकरच्या पलीकडे बोलावलं.

"काका, काकूचे डोळे बघितले का?"

"काहून?"

"पिवळे हायेत."

"इथं पिवळं काय न्हाई? तुझे दात बघ आधी."

तो हसला नाही. "अंगाला हळद लागती, काका. डोळ्याच्या आत कशी लागंल?"

मला रागच आला. जन्म गेला हिच्या हातचं खाण्यात, आणि हिचे डोळे पिवळे झालेले तिसऱ्या माणसाने येऊन सांगावेत! मंजुळेला अंगणात उन्हात आणलं, खालची पापणी ओढून बघितली. हळकुंड मोडल्यावर आत जसं दिसतं, तसं दिसलं.

कावीळ. इतके दिवस माझ्या समोर होती आणि मी ती हळद समजत होतो.

२४ मार्च

माझा मावसभाऊ माणिकराव काविळीवर मुळी देतो, ताकातून. पंचक्रोशीतले लोक येतात त्याच्याकडे. पथ्य कडक असतं, तेल बंद आणि हळदही बंद. हळदीच्या ढिगाशेजारी बसून मंजुळा पांढरंफटक वरण खायची. गुण आला नाही. खाजवून खाजवून तिने दंड सोलून काढलेत.

शेवटी स्वप्निलने माझ्याशी भांडण काढलं आणि मायला गाडीत घालून नांदेडला नेलं. स्वप्निल आमचा एकुलता एक. वारंगा फाट्यावर त्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. संध्याकाळी फोन आला. यकृतातून, म्हणजे आपल्या काळजातून, निघणारी पित्ताची नळी एका ठिकाणी आवळली आहे. खडा नाही. कशाने आवळली ते कळत नाही.

"नळीच न्हवं?" मी म्हणालो. "तुझ्या दुकानातल्या नळ्या चोंदतात तेव्हा ॲसिड सोडतोस. तसं काही करतील."

त्याने फोन ठेवला. हल्ली हा कमीच बोलतो.

२९ मार्च, नांदेड

डॉक्टर मंजुळेच्या तोंडातून नळी घालून आत गेले. आवळलेल्या जागेत प्लास्टिकची बारीक नळी बसवली, म्हणजे पित्ताला वाट मिळेल. ते ठीक. पण त्याच वेळी त्या जागेवर ब्रश फिरवून आतल्या पेशी खरवडून आणल्या. हा ब्रश मला डॉक्टरांनी दाखवला. तारेच्या टोकाला केसांचा झुबका, दात घासायच्या ब्रशचा पणतू शोभेल एवढा.

डॉ. प्रज्ञेश म्हणून आहेत, स्वप्निलच्याच वयाचे. मी विचारलं, "ह्या खरवडीचं काय करता?"

"काचेवर पसरून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, काका. नळी जुन्या सुजेनेही आवळते आणि कॅन्सरनेही. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. पेशी बघूनच ठरवायचं."

तो शब्द त्यांनी सहज उच्चारला. मंजुळा खाटेवर गुंगीत होती. तिने ऐकला नसावा.

मी बाहेर येऊन चहा घेतला आणि तसाच ठेवून दिला. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला हिच्या दुखण्यापेक्षा आधी माझीच भीती वाटली. मीठ कुठल्या डब्यात असतं हे मला माहीत नाही. हिच्याशिवाय त्या घरात मी पाहुणा आहे.

९ एप्रिल

रिपोर्ट आला. इंग्रजीत होता, तरी मी स्वतः चष्मा लावून वाचला. मॅट्रिकपर्यंत इंग्रजीत मी कोणाच्या बापाला ऐकलं नाही. काही पेशी बदललेल्या दिसतात, परंतु कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत, असं स्पष्ट लिहिलंय. आढळल्या नाहीत! मी डॉक्टरांचा हातच धरला.

ते म्हणाले, "काका, सापडलं नाही एवढंच मी म्हणतोय. नाही, असं म्हणत नाही. ब्रशला वरवरच्या पेशी लागतात. खरा रोग असला तर तो खालच्या घट्ट थरात दडून बसतो. रोग असलेल्या निम्म्या लोकांचा ब्रशमध्ये सापडतच नाही."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. नळीच्या आत बारीक कॅमेरा घालून बघत बघत चिमट्याने तुकडा काढायचा. शिवाय पेशी मुंबईला पाठवायच्या. तिथे पेशीच्या गाभ्याला चमकणारे रंग लावतात आणि ठिपके मोजतात. धडधाकट पेशीत प्रत्येक रंगाचे दोन-दोन ठिपके, बिघडलेल्या पेशीत जास्त. "रोग असला आणि वेळेत कळला तर कापून काढता येतो. उशीर झाला तर येत नाही. म्हणून घाई करतोय."

रक्ताची एक तपासणी आहे, तिचा आकडा वाढलेला निघाला. पण तो काविळीनेही फुगतो म्हणे. मग कशाला करतात?

गाडीत स्वप्निल म्हणाला, "आबा, पोत्याच्या तोंडाची हळद बघून सगळ्या ढिगाचा भाव कुणी करतं का?"

मी म्हणालो, "तोंडाची चांगली निघाली तर खाली घाणच आसंल, असं कोणता आडत्या म्हणतो?"

मागच्या सीटवर मंजुळा खिडकीबाहेर बघत होती. आमच्यापैकी कोणाचीच बाजू तिने घेतली नाही.

२ मे

मंजुळेचे डोळे पांढरे झाले! खाज गेली. आज तिने स्वतः पिठलं टाकलं आणि वर मलाच विचारलं, "तोंड काहून वाकडं करून राहिले, मीठ कमी झालं का?" हा आवाज ऐकायला किती दिवस आसुसलो होतो. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

कावीळ उतरल्यावर रक्ताचा तो आकडा पुन्हा बघायचा होता. स्वप्निल म्हणतो, उतरला नाही, उलट थोडा वाढलाय. यंत्रायंत्रात फरक असतो. हळदीचा ओलावा दोन दुकानांत मोजा, दोन आकडे येतात. माणसाचे डोळे पांढरे झाले, याहून मोठा रिपोर्ट कोणता?

२७ मे

लागवड चालू आहे. बेणं तिनेच निवडून दिलं. डॉक्टरांचे स्वप्निलला दोन फोन येऊन गेले, कॅमेऱ्याच्या तपासणीसाठी. रात्री जेवताना त्याने विषय काढला.

मी म्हणालो, "लागवड होऊ दे. मग जाऊ."

"माय, तू सांग ना," स्वप्निल म्हणाला.

"तुमची लागवड होऊ द्या," मंजुळा म्हणाली. "सारखं घशात नळ्या घालून काय मिळतं? न्हाई सापडलं तर पुना घालतील. सापडलं तर..." तिने वाक्य सोडून दिलं आणि मला ताक वाढलं.

स्वप्निल ताटावरून उठला. मला वाटलं, तरुण रक्त आहे, दम धरवत नाही.

१९ जून

आज मंजुळेला काय लहर आली कोण जाणे. दुपारी चुलीवर पातेलं ठेवलं, त्यात बेण्यातली उरलेली हळकुंडं शिजत टाकली आणि माझ्या हातात काडी दिली.

"टोचा."

"हे काम माझं न्हाई."

"टोचा म्हणते ना. डोळे मिटून. बोटाला कळलं पायजे."

मी टोचली. "झाली," म्हणालो. तिने तेच हळकुंड मोडून दाखवलं, पोटात कच्चं होतं. "वरून मऊ लागली की तुमी भुलता," म्हणाली. पुन्हा टोचायला लावलं, मग पुन्हा. म्हातारपणी मास्तरीण भेटली. शेवटी जमलं तेव्हा तिने मान हलवली आणि भिंतीला टेकून कितीतरी वेळ बसून राहिली.

मी विचारलं, "आता काय, पुढच्या साली तू आरामात बसणार आन मी काडी घेऊन पळणार?"

"व्हय," ती म्हणाली. "मी बसणार."

तिला आता विश्रांती घ्यायची सवय लागतेय, हे बरंच आहे.

८ ऑगस्ट

मंजुळेला थंडी वाजून ताप भरला. अंग असं थडथड उडत होतं की खाट हलत होती. स्वप्निलने नांदेडला नेलं. आतली नळी गाळाने चोंदली होती, ती बदलली. ह्या वेळी डॉक्टरांनी कॅमेरा घातला, चिमट्याने तुकडेही काढले आणि ब्रशच्या पेशी मुंबईला पाठवल्या.

मी घरीच राहिलो. हळदीला पाणी द्यायचं होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. पाऊस चालू होता. पाणी द्यायची काही गरज नव्हती. मला दवाखान्यातल्या त्या बाकावर बसायचं नव्हतं, एवढंच.

२३ ऑगस्ट

आज स्वप्निल एकटाच जाऊन डॉक्टरांना भेटून आला. मी फाटकाशीच गाठलं त्याला.

"ठिपके किती निघाले?"

तो गाडीची किल्ली खिशात शोधत होता. ती त्याच्या हातातच होती. "बराबर निघाले, आबा."

"दोन-दोन?"

"व्हय. दोन-दोन."

"आन त्या तुकड्यांचं?"

"जुनी सूज हाय म्हणले. ऑपरेशन करायचं न्हाई. गोळ्या देऊ म्हणले."

ऑपरेशन करायचं नाही! मी तिथल्या तिथे खाली बसलो. मंजुळा दारात उभी होती. "आयकलं का?" मी ओरडलो. "कापाकापी काही न्हाई!"

"आयकलं," ती म्हणाली. तिने माझ्याकडे नाही, पोराकडे बघितलं. "बरं झालं बाबा," त्याला म्हणाली. "जा, हातपाय धू."

मी फाट्यावर जाऊन पेढे आणले. गल्लीत वाटले, माणिकरावकडे पाठवले, तांड्यावर जाऊन प्रेमदासच्या हातात दिले. त्याने पेढा घेतला, म्हणाला, "चांगलं झालं, काका," आणि खिशात ठेवला. लेकरांसाठी ठेवला असेल.

स्वप्निलने मात्र पेढ्याला हात लावला नाही. मोटार बघतो म्हणून मळ्यात गेला तो जेवायच्या वेळेलाच आला. मी म्हणालो, "आनंद तरी कर की रे, माय वाचली तुझी." तर म्हणतो, डोळ्यात काहीतरी गेलंय.

रिपोर्टची फाईल तो दुकानात ठेवतो. मी मागितली नाही. आता काय वाचायचं त्यात?

४ ऑक्टोबर

मंजुळा वाळलीय. पण पथ्याचं खाऊन माणूस वाळणारच. पोलकी तिने स्वतः शिवणीवर धरून आत घेतली. नव्या नवरीएवढी दिसतेस म्हणालो तर बऱ्याच दिवसांनी हसली. "नवरीला न्यायला येतात," म्हणाली. हिचं बोलणं कधीकधी असं तिरकं असतं.

पाठीत दुखतं. स्वप्निल नांदेडहून गोळ्या आणतो, त्या फाट्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत. त्या घेतल्या की तिला सारखी झोप लागते. झोप झाली की अंग भरतं, असं आमची म्हातारी म्हणायची.

स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा तिने बदलल्या. मीठ, तिखट, चहा, साखर, सगळं खालच्या फळीवर, माझा हात पुरेल असं. इतकी वर्षं मी भांडत होतो की हे डबे खाली ठेव. आजारपणाने का होईना, ऐकलं.

१६ जानेवारी

काल संक्रांतीचं हळदी-कुंकू घरीच केलं. गेल्या वर्षी मंजुळेने प्लास्टिकच्या डब्या वाटल्या होत्या. औंदा माळ्यावरची पितळी भांडी काढून चिंचेने घासायला लावली आणि एकेक वाण म्हणून देऊन टाकली. माणिकरावच्या बायकोला परात मिळाली. ती घेऊन तिने मंजुळेच्या गळ्यात पडून रडून घेतलं. एका परातीसाठी एवढं!

मी म्हणालो, "सगळंच देऊन टाकतीस का?"

"तुमाला कोण घासून देईल पितळ?" ती म्हणाली. "स्टील बरं पडंल."

अडगळ कमी झाली हे खरं. पण तिची आंघोळीची तांब्याची घागर मी दिली नाही. का दिली नाही ते मला सांगता येत नाही. कोणी विचारलंही नाही.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरांनी पुन्हा नळी बदलायची नाही असं सांगितलंय म्हणे. आता गरज नसणार. मी स्वप्निलला तसं म्हणालो, तर तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "आबा, तुमाला एक सांगायचं होतं."

"सांग."

आतून मंजुळेने हाक मारली, "स्वप्निल." बस्स, एवढंच. तो माझ्याकडे बघत राहिला, मग उठला आणि आत गेला. हंगामाच्या पैशाचं काहीतरी असेल. मी मागे लागलो नाही. खरं सांगायचं तर मला त्या वेळी ऐकायचंच नव्हतं.

२८ फेब्रुवारी

शिजवणी सुरू झाली. प्रेमदास कुकर घेऊन आला. मंजुळेची खाट अंगणात लिंबाखाली आणली. उचलायला मी आणि स्वप्निल होतो. तिचं वजन हाताला लागलंच नाही.

पहिलं पिंप उघडलं. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने बोटाने माझ्याकडे दाखवलं. मी हळकुंड उचललं, डोळे मिटले, काडी टोचली. वरून मऊ लागली, पण मी भुललो नाही. "आजून," म्हणालो. थोड्या वेळाने पुन्हा टोचली, ह्या वेळी आरपार. "काढा." वळून बघितलं तर तिने डोळे मिटलेले होते आणि मान हलवत होती. एवढं सुख मला हळदीच्या कोणत्या भावाने दिलं नव्हतं.

२ मार्च

आज दुपारी तिला पाणी पाजताना तिचे हात पिवळे दिसले. हळद उडतेच. मी घमेल्यात पाणी घेतलं, साबण घेतला आणि तिचे हात चोळून धुतले. पहिलं पाणी पिवळं निघालं, दुसरं जरा फिकं. तिसरं पाणी पांढरं निघालं. हात तसेच राहिले. हळद मुरली की साबणाने जात नाही, हे आमच्या भागात लहान पोरालाही माहीत आहे.

"राहू द्या," ती म्हणाली. "लग्नातली हाय. न्हाई निघायची." आणि माझ्याकडे बघून हसली. तेव्हा मी तिचे डोळे बघितले.

मी घमेलं तिथेच ठेवलं आणि कुकरपाशी गेलो. स्वप्निलला काही विचारलं नाही. प्रेमदासला हाताला धरून खाटेपाशी आणलं. म्हणालो, "बघ. तुझा डोळा पक्का हाय. नीट बघून सांग."

तो खाटेजवळ उकिडवा बसला. डोक्याचा रुमाल काढला. मंजुळा त्याच्याकडे बघत होती आणि तो तिच्याकडे. मग तिने जरा मान हलवली, पाणी नको म्हणताना हलवते तशी.

प्रेमदास उठला. "हळदच हाय, काका."

"डोळ्याच्या आत?"

"औंदा वाफ लई हाय," तो म्हणाला. रुमाल डोक्याला बांधताना त्याला गाठ मारता येईना. "वाफेनं जाती कधी कधी आत."

गेल्या साली सगळ्यांच्या आधी यानेच ओळखलं होतं. तो हळद म्हणतो म्हणजे हळदच असणार.

उद्यापासून मंजुळेची खाट वाफेपासून लांब ठेवायची.